दोरा आणि सोळा तास : विमानमार्गांच्या अभ्यासाची प्रस्तावना

मराठी माणसाला अंतर विचारले की तो बहुधा वेळ सांगतो. ‘पुणं किती लांब?’ ‘घाटात अडकला नाहीत तर तीन तास.’ ‘मारुतीचं देऊळ?’ ‘हे काय, तंबाखू मळून होईस्तोवर पोचाल.’ मोजपट्टी घेऊन बसणाऱ्यांना ही सवय गबाळी वाटते. मला ती शहाणपणाची वाटते, आणि तिचा पुरावा आपल्या भाषेतच आहे. ‘कोस’ हा शब्द संस्कृत ‘क्रोश’वरून आला आणि क्रोश म्हणजे ओरडणे, हाक. हाक जिथवर पोचते तो एक कोस. या मापाच्या मुळाशी काठी नाही, साखळी नाही; हवेतून जाणारा आवाज आहे. वाऱ्याच्या दिशेने हाक मारली तर कोस लांबणार, वाऱ्याविरुद्ध मारली तर आखडणार. पुढे मोजणीदारांनी कोसाला हात आणि दंडांत बांधून टाकले, पण ‘हाकेच्या अंतरावर’ हे आपण अजून म्हणतोच.

काही वर्षांपूर्वी ओळखीच्या एका आजींची नात न्यू यॉर्कला निघाली होती. किती लांब आहे, असे आजींनी विचारले. नात म्हणाली, सोळा तास. येताना? चौदाच्या आसपास. आजींनी क्षणभर विचार केला आणि मला विचारले, ‘मग जाताना लांबच्या रस्त्यानं नेतात का हो?’ मी ‘नाही, वाऱ्यामुळे’ असे एका शब्दात सांगून मोकळा झालो. उत्तर चूक नव्हते, पण अपुरे होते. आणि खरे सांगायचे तर आजींचा संशयही सर्वस्वी चूक नव्हता. कधीकधी खरोखरच लांबच्या रस्त्याने नेतात. आणि कधीकधी लांबचा रस्ता लवकर पोचवतो. या दोन वाक्यांत ज्यांना गंमत वाटते, त्यांच्यासाठी हा विषय आहे.

विषयाला एकच एक नाव नाही. त्याचा एक पाय भूगणितात आहे, दुसरा हवामानशास्त्रात. एक हात इंजिनांच्या हिशेबात आणि दुसरा आंतरराष्ट्रीय करारांत. नवख्या वाचकाला यातले काहीही आधीपासून येत असण्याची गरज नाही. शाळेतला भूगोल आठवत असला, अक्षांश-रेखांश म्हणजे काय हे ठाऊक असले, की पुरे. घरात पृथ्वीचा गोल असेल तर उत्तम. नसेल तर मुलांचा मोठा चेंडूही चालतो, फक्त त्यावर देश मनाने काढावे लागतात.

गोल घ्या आणि एक दोरा घ्या. दोऱ्याचे एक टोक मुंबईवर दाबून धरा, दुसरे न्यू यॉर्कवर, आणि दोरा ताणा. नकाशा बघून आपली समजूत असते की अमेरिका पश्चिमेला आहे. म्हणजे विमान अरबी समुद्र ओलांडणार, मग अरबस्तान, आफ्रिकेचा वरचा भाग आणि शेवटी अटलांटिक. दोरा मात्र मुंबईतून निघतो तो उत्तरेकडे, जरासा पश्चिमेला कलून. पाकिस्तान, अफगाणिस्तान, तुर्कमेनिस्तान, कॅस्पियनच्या पूर्वेचा कझाकस्तान, मॉस्कोच्या आग्नेयेचा रशिया, फिनलंडचे दक्षिण टोक, मध्य नॉर्वे, आइसलँड. तिथून ग्रीनलंडच्या शेपटाला जवळजवळ चाटून तो लॅब्राडॉरवर उतरतो आणि मग न्यू यॉर्क. मुंबई १९ अंश उत्तरेला, न्यू यॉर्क साडेचाळीसच्या जरा वर. पण मधली वाट चढत चढत ६५ अंशांच्या जवळ जाते. माझ्या वर्गात हा प्रयोग मी अनेकदा केला आहे. पहिल्यांदा करणारा प्रत्येक जण दोरा सोडून देतो आणि पुन्हा ताणून बघतो.

ताणलेला दोरा गोलावर जी रेषा आखतो ती बृहद्वृत्ताचा तुकडा असते. ज्या वर्तुळाचे केंद्र आणि पृथ्वीचे केंद्र एकच, ते बृहद्वृत्त. विषुववृत्त हे त्याचे शाळेत भेटलेले उदाहरण. समोरासमोरच्या रेखावृत्तांची प्रत्येक जोडी हेही. मुंबईचे अक्षवृत्त मात्र बृहद्वृत्त नव्हे, म्हणून त्यावरून सरळ पश्चिमेला चालत राहणे म्हणजे आडवाटेला लागणे. आपली फसगत करतो तो भिंतीवरचा नकाशा. त्याची एक प्रसिद्ध जात १५६९ साली गेरार्डस मर्केटरने काढली. ती खलाशांसाठी होती: होकायंत्राची एकच दिशा धरून जहाज हाकले तर ती वाट या नकाशावर सरळ रेघ दिसते. या सोयीची किंमत म्हणून नकाशा ध्रुवांकडे फुगत जातो, ग्रीनलंड आफ्रिकेएवढे दिसू लागते आणि सर्वांत जवळची वाट धनुष्यासारखी वाकडी दिसते. मर्केटरला दोष देण्यात अर्थ नाही. त्याने जे साधन ज्या कामासाठी घडवले, त्या कामात ते अजून चोख आहे. दोष असलाच तर तो नकाशा कोणत्या कामाचा आहे हे न सांगता भिंतीवर टांगणाऱ्यांचा.

दोरा हातात नसेल तर गणित आहे. दोन्ही विमानतळांचे अक्षांश आणि रेखांश घ्यायचे आणि पृथ्वीच्या केंद्राशी त्यांच्यात किती कोन होतो ते काढायचे. सहारचा विमानतळ आणि न्यू यॉर्कचा जॉन एफ. केनेडी विमानतळ यांच्यात हा कोन सुमारे ११२.७ अंश येतो. पृथ्वीवर एका अंशाला सुमारे १११.२ किलोमीटर, म्हणून अंतर साडेबारा हजार किलोमीटरांच्या किंचित वर. खलाशांचा आणि वैमानिकांचा सागरी मैल तर याच कोनातून जन्मला: एका कलेला, म्हणजे अंशाच्या साठाव्या भागाला, एक मैल. आता तो १,८५२ मीटर असा कायमचा ठरवून टाकलेला आहे, पण ११२.७ ला ६० ने गुणले की ६,७६२ सागरी मैल आजही मनातल्या मनात निघतात.

हा कोन काढण्याच्या एका सूत्राचे नाव हॅवरसाइन. नाव १८३५ साली जेम्स इनमन या इंग्रज नौकानयन-शिक्षकाने रूढ केले. नाव परके वाटते, पण त्याची पाळेमुळे ओळखीची निघतात. हॅवरसाइन म्हणजे अर्धा व्हर्साइन, आणि व्हर्साइन म्हणजे आपल्या जुन्या ज्योतिषग्रंथांतली उत्क्रमज्या. सूर्यसिद्धांतात ती ज्येच्या शेजारीच भेटते. खुद्द ‘साइन’ हा शब्दही आपल्या ‘ज्या’चाच नातेवाईक: अरबीत तिचे जीबा झाले, ते पुढे जैब असे वाचले गेले, जैब म्हणजे कपड्याचा गळा किंवा खिसा, आणि लॅटिन भाषांतरकाराने त्याचे सायनस करून टाकले. अभिमानाने छाती फुगवण्यासाठी मी हे सांगत नाही. मध्ययुगीन पंचांगकर्ता उज्जैनच्या रेखेपासून आपले गाव किती पूर्वेला वा पश्चिमेला आहे हे बघून ‘देशांतर’ संस्कार करत असे, तेव्हा तो या विषयाचे निम्मे काम करतच होता. त्याच्या वाटेत विमान आले नाही, एवढेच.

पृथ्वी अगदी गोल असती तर इथे थांबता आले असते. ती ध्रुवांशी दबलेली आहे: विषुववृत्ताशी तिची त्रिज्या ६,३७८ किलोमीटर, ध्रुवाशी ६,३५७. हा एकवीस किलोमीटरांचा फरक शोधून, मापून, सूत्रात बसवण्यात माणसांनी आयुष्ये घालवली. विल्यम लॅम्बटनने १८०२ साली मद्रासजवळ पायारेषा मोजली आणि साखळ्या व थिओडोलाइट घेऊन तो उत्तरेकडे सरकत राहिला. वीस वर्षांनंतरही काम संपले नव्हते, तो मात्र संपला. १८२३ साली वर्धा जिल्ह्यातल्या हिंगणघाटला त्याचा मृत्यू झाला आणि तिथेच त्याला पुरले. त्याच्यामागून जॉर्ज एव्हरेस्टने तो कंस हिमालयाच्या पायथ्यापर्यंत नेला आणि १८३० साली पृथ्वीच्या आकाराचे जे आकडे मांडले, त्यांवर भारताचे नकाशे दीर्घकाळ उभे होते. आज उपग्रहांच्या जमान्यात १९८४ चा जागतिक गोलाभ वापरतात, आणि दबलेल्या पृथ्वीवरचे अंतर काढण्यासाठी थॅडियस व्हिन्सेंटीने १९७५ साली दिलेली रीत अजून चालते. तिच्या आणि साध्या गोलाच्या उत्तरात अर्ध्या टक्क्याच्या आतला फरक पडतो. प्रवाशाला तो जाणवणार नाही. पण हिंगणघाटवरून कधी गेलात तर लॅम्बटनची आठवण ठेवा.

अंतराचे प्रकरण इथे जवळपास संपते. दोन बिंदू, एक पृष्ठभाग, एक उत्तर. संगणकाला ते काढायला पापणी लवण्याइतकाही वेळ लागत नाही, आणि म्हणूनच एक सावधगिरीची सूचना देतो. हे उत्तर ताशी आठशे किंवा नऊशेने भागून ‘प्रवासाचा वेळ’ म्हणून छापणारी साधने सगळीकडे आहेत. त्यांच्यावर विसंबू नका. तो भागाकार बिनचूक असतो आणि उत्तर तरीही चुकते. अंतर जमिनीचे असते. विमान मात्र हवेत असते, आणि हवा स्थिर नसते.

जपानी हवामानशास्त्रज्ञ वासाबुरो ओइशी याने १९२०च्या दशकात टाटेनो इथल्या वेधशाळेतून फुगे सोडून उंचावरच्या वाऱ्यांची मोजमापे घेतली आणि तिथे पश्चिमेकडून पूर्वेकडे एक विलक्षण वेगवान प्रवाह वाहतो असे नोंदवले. जगाला कळावे म्हणून त्याने आपला अहवाल एस्पेरांतो या नव्या, सर्वांसाठी बनवलेल्या भाषेत छापला, आणि त्यामुळेच तो फारसा कोणी वाचला नाही. दुसऱ्या महायुद्धात जपानवर उंचावरून जाणाऱ्या अमेरिकी वैमानिकांना तोच प्रवाह अंगावर घेऊन शिकावा लागला. आज आपण त्याला जेट स्ट्रीम म्हणतो. मराठीतून शास्त्र लिहिणाऱ्या आमच्यासारख्यांना ओइशीची गोष्ट जरा बोचते, तरी मी ती दरवर्षी सांगतो.

या प्रवाहात विमान शिरले की काय होते याचा नमुना फेब्रुवारी २०२० मध्ये दिसला. वादळी वाऱ्यांच्या पाठबळावर ब्रिटिश एअरवेजचे एक जंबो विमान न्यू यॉर्कहून लंडनला ४ तास ५६ मिनिटांत पोचले. एरवी याला साडेसहा-सात तास लागतात. जमिनीच्या हिशेबाने त्याचा वेग ताशी तेराशे किलोमीटरांच्या वर गेला होता, म्हणजे त्या उंचीवरच्या आवाजाच्या वेगाहून जास्त. तरीही विमानाने ध्वनिवेग ओलांडला नव्हता, कारण भोवतालच्या हवेच्या मानाने ते नेहमीच्याच चालीने उडत होते. पुरात सोडलेली होडी वल्ही जोरात मारत नाही, तिला नदी वाहून नेते.

पण या विषयातले माझे सर्वांत आवडते उदाहरण भारतातले आहे. दिल्ली ते सॅन फ्रान्सिस्को हे दोऱ्याचे अंतर सुमारे १२,४०० किलोमीटर. एअर इंडियाचे विमान सुरुवातीला युरोप आणि अटलांटिकवरून जाई, सुमारे १३,९०० किलोमीटर, आणि बहुतेक वाट पश्चिमेकडची म्हणजे वाऱ्याच्या तोंडावर. ऑक्टोबर २०१६ मध्ये त्यांनी तोंड फिरवले. विमान पूर्वेला निघाले, प्रशांत महासागर ओलांडून, सुमारे १५,३०० किलोमीटर उडून, साडेचौदा तासांत पोचले. चौदाशे किलोमीटर जास्त आणि वेळ जवळपास दोन तास कमी. ज्याला हे वाक्य पचले त्याला या विषयाचा गाभा कळला. अंतर मोजणाऱ्याच्या दृष्टीने हा मार्ग वेडगळ आहे. आजींच्या दृष्टीने, म्हणजे तासांत मोजणाऱ्याच्या दृष्टीने, तोच जवळचा.

इथे एक गैरसमज हटकून डोके वर काढतो. पृथ्वी पूर्वेला फिरते, म्हणून पश्चिमेला जाणाऱ्या विमानाखाली मुक्काम आपणहून सरकत येतो आणि वेळ वाचतो, असे पुष्कळांना वाटते. तसे असते तर हेलिकॉप्टरने दादरला उभे उडावे आणि दोन तासांनी अरबस्तानात उतरावे. वातावरण पृथ्वीबरोबरच फिरते, विमानही निघण्याआधीपासून फिरत असते. फिरण्याचा परिणाम होतो तो आडून: वाऱ्यांच्या दिशा घडवण्यात पृथ्वीच्या परिवलनाचा मोठा हात आहे. त्यातही अपवाद आहेत, आणि एक ठळक अपवाद आपल्याच डोक्यावर आहे. पावसाळ्यात दक्षिण भारतावर, विमानांच्या नेहमीच्या उंचीच्याही जरा वर, पूर्वेकडून पश्चिमेकडे जाणारा जेट प्रवाह तयार होतो. पी. कोटेश्वरम या भारतीय हवामानशास्त्रज्ञाने १९५८ साली त्याचे वर्णन प्रसिद्ध केले. त्या दिवसांत आपल्याकडून अरबस्तानाकडे जाणाऱ्या विमानाच्या पाठीला या वाऱ्याची कड लागू शकते, आणि परतणाऱ्याच्या छातीला.

वाहत्या माध्यमातून कमीत कमी वेळात पोचण्याची वाट कोणती, हा प्रश्न अर्न्स्ट झर्मेलो या गणितज्ञाने १९३१ साली नेटका मांडला. उत्तर अंतर नव्हे, वेळ कमीत कमी करते. आणि वारा बदलला की वाट बदलते. उत्तर अटलांटिकवर हे रोज घडते. तिथले हवाई पट्टे आदल्या हवामान-अंदाजावरून दिवसातून दोनदा नव्याने आखले जातात, पूर्वेला जाणाऱ्यांसाठी एक संच, पश्चिमेला जाणाऱ्यांसाठी दुसरा. म्हणजे ‘लंडन-न्यू यॉर्क मार्ग’ असा कायमचा रस्ता नाहीच. वारकऱ्यांची वाट ठरलेली असते. इथे वाट रोज सकाळी ठरते.

आता आजींच्या संशयाकडे येतो. मुंबई-न्यू यॉर्कचा दोरा ज्या देशांवरून जातो त्यांची यादी पुन्हा वाचा. प्रत्येक देशाचे आकाश त्या देशाच्या मालकीचे आहे, हे तत्त्व १९४४च्या शिकागो करारात मान्य झालेले आहे. परवानगी मिळते, तिचे पैसे पडतात, आणि ती काढूनही घेता येते. २७ फेब्रुवारी २०१९ रोजी पाकिस्तानने आपले आकाश बंद केले ते जुलैच्या मध्यापर्यंत. एप्रिल २०२५ मध्ये भारतीय विमानांसाठी ते पुन्हा बंद झाले. मुंबईपेक्षा दिल्लीला याचा फटका मोठा, कारण दिल्लीच्या पश्चिमेला लगेच सीमा आहे. आधी दक्षिणेला उतरून मग पश्चिमेला वळावे लागते, आणि अमेरिकेच्या काही विमानांना युरोपात इंधनासाठी थांबावे लागले. २०२२ साली युक्रेनचे युद्ध पेटल्यावर रशियाचे आकाश युरोपीय कंपन्यांना बंद झाले. सर्वांत जास्त पंचाईत फिनएअरची: हेलसिंकी ही जागाच त्यांनी आशियाला सर्वांत जवळचे युरोपीय दार म्हणून मिरवली होती. टोकियोचा साडेनऊ तासांचा प्रवास तेराच्या घरात गेला. त्यांनी उत्तर ध्रुवावरून वाट काढली आणि प्रवाशांना ध्रुव ओलांडल्याचे प्रमाणपत्र द्यायला सुरुवात केली. अडचणीचा उत्सव कसा करावा, याचे हे मला एक चांगले उदाहरण वाटते.

यापेक्षा छोटे आणि जास्त कडू उदाहरण आपल्या दारातले आहे. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटांनी पस मॉथ जातीचे एका इंजिनाचे चिमुकले विमान कराचीहून उडवले, अहमदाबादला इंधन घेतले आणि टपालाची पिशवी जुहूच्या धावपट्टीवर उतरवली. सगळे मिळून सुमारे सात तास. सरळ अंतर पावणेनऊशे किलोमीटर. आज मुंबई-कराची थेट विमान नाही. दुबईवरून जायचे म्हटले तर तीन हजारांहून जास्त किलोमीटर आणि मधला मुक्काम. अंतर तेच राहिले आणि नव्वदहून अधिक वर्षांत विमाने कितीतरी वेगवान झाली. प्रवास मात्र लांबला.

इंजिने आणि डोंगर यांचा हिशेब थोडक्यात सांगतो. पुढे त्यावर स्वतंत्र वाचावेच. दोन इंजिनांच्या विमानाचे एक बंद पडले तर उरलेल्यावर जवळच्या विमानतळाला किती वेळात पोचता आले पाहिजे, याचे नियम असतात. १९५०च्या दशकात ही मर्यादा साठ मिनिटांची होती, म्हणून समुद्रांवर चार इंजिनांची सद्दी होती. १९८५ पासून ती टप्प्याटप्प्याने सैल होत गेली आणि आज दोन इंजिनांची विमाने जवळपास कुठूनही जातात. जवळपास. तिबेटवरून ती अजूनही सहसा जात नाहीत. केबिनमधला हवेचा दाब गेला तर विमान तीन किलोमीटरांच्या आसपास खाली आणावे लागते, कारण प्रवाशांच्या मुखवट्यांत बहुधा पाव तासाच्या आसपास पुरेल एवढाच प्राणवायू असतो. आणि तिबेटची जमीनच साडेचार किलोमीटर उंच आहे. दोरा म्हणतो जा. डोंगर म्हणतो नको.

घड्याळाकडे वळताना सांभाळून. तिकिटावर छापलेला वेळ हा उड्डाणाचा वेळ नसतो. चाकांखालचे ठोकळे काढल्यापासून ते दुसऱ्या विमानतळावर पुन्हा लावेपर्यंतचा तो वेळ, कंपन्यांच्या भाषेत ब्लॉक टाइम. त्यात धावपट्टीपर्यंतची रांग येते. सहारच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे दोन्ही एकाच वेळी मोकळेपणाने वापरता येत नाहीत, आणि त्या रांगेत किती गाणी ऐकून होतात हे मुंबईकरांना सांगायला नको. कंपन्या अनुभवाने वेळापत्रकात थोडा वेळ आधीच मिसळून ठेवतात. म्हणून कधीकधी उशिरा सुटलेले विमान ‘वेळेत’ पोचते.

त्यावर स्थानिक वेळेची भर. मुंबईहून मध्यरात्रीनंतर दीडला निघालेला माणूस सोळा तासांनी न्यू यॉर्कला उतरतो तेव्हा उन्हाळ्यात तिथे त्याच दिवसाचे सकाळचे आठ वाजलेले असतात आणि हिवाळ्यात सात. तिकिटावर साडेसहा किंवा साडेपाच तासच दिसतात. हा एक तास अमेरिका उन्हाळ्यात घड्याळ पुढे सरकवते म्हणून पडतो, आणि दरवर्षी मार्च-नोव्हेंबरात परदेशी लेकरांना फोन करणाऱ्या आईवडिलांचा गोंधळ उडवतो. घड्याळाशी भांडण्याची परंपरा आपल्याकडे जुनी आहे. १९०६ साली भारतीय प्रमाणवेळ आली तेव्हा मुंबईने ती सरसकट मानली नाही. प्रमाणवेळेच्या ३९ मिनिटे मागे असलेली ‘मुंबई वेळ’ शहरात १९५५ पर्यंत टिकली. रेखांशाच्या एका अंशाला चार मिनिटे, हा शाळेतला हिशेब केला तर ही ३९ मिनिटे बरोबर जुळतात. सूर्याच्या दृष्टीने मुंबईचेच बरोबर होते.

मग प्रश्न येतो, सर्वांत लांब किती? आज न थांबता जाणारा सर्वांत लांबचा नियमित प्रवास सिंगापूर ते न्यू यॉर्क, सुमारे १५,३०० किलोमीटर, अठरा तासांहून अधिक. त्यासाठी खास तयार केलेल्या एअरबसच्या टाक्यांत १ लाख ६५ हजार लिटर इंधन मावते आणि आत फक्त १६१ जागा आहेत. कारण उघड आहे: शेवटच्या तासाचे इंधन पहिल्या सतरा तासांत वाहून न्यावे लागते, आणि ते वाहायलाही इंधनच लागते. लांबचे उड्डाण म्हणजे शिदोरीच जड झालेली यात्रा. दुसऱ्या महायुद्धात क्वांटासच्या कॅटलिना विमानांनी पर्थहून सिलोनला जाताना हेच गणित सोडवले होते. सत्तावीस ते तेहेतीस तासांचे उड्डाण, एका फेरीत दोन सूर्योदय, आणि इंधन इतके की प्रवासी फक्त तीन.

पृथ्वीवर दोन जागा जास्तीत जास्त किती लांब असू शकतात? पृथ्वीच्या परिघाचा अर्धा, म्हणजे सुमारे वीस हजार किलोमीटर. मुंबईच्या बरोबर पायाखाली, पृथ्वीच्या पलीकडच्या बाजूला, प्रशांत महासागराचे पाणी आहे: १९ अंश दक्षिण, १०७ अंश पश्चिम. त्या बिंदूला सर्वांत जवळचा विमानतळ ईस्टर बेटावरचा मातावेरी, तिथून सुमारे सव्वानऊशे किलोमीटर. म्हणजे मुंबईकरासाठी जगाचे दुसरे टोक म्हणजे मोठाल्या दगडी पुतळ्यांचे ते चिलीचे बेट, सुमारे १९,१०० किलोमीटर. थेट विमान अर्थातच नाही. पण गोलावर दोरा ताणून बघा. दोरा कोणत्याही दिशेने फिरवा, लांबी फारशी बदलत नाही: अंटार्क्टिकावरून, आफ्रिकेवरून, जपानवरून, जवळपास सगळ्या वाटा सारख्याच लांबीच्या. सर्वांत दूरच्या ठिकाणी जाताना कोणती दिशा धरायची हा प्रश्नच जवळजवळ उरत नाही; तिथे वारा आणि परवाने काय म्हणतात तेवढेच बघायचे.

पुढची प्रकरणे कोणत्याही क्रमाने वाचा. गणिताची भीती वाटत असेल तर वाऱ्यांपासून सुरुवात करा. राजकारणात रस असेल तर आकाशाच्या मालकीपासून. एक मात्र करा. तुमच्या घरातले कोणी दूर राहत असेल, दुबईत, सिंगापूरला, न्यू जर्सीत, मेलबर्नला, तर त्यांच्या आणि तुमच्या विमानतळामधला दोरा आधी ताणा, त्यावर कोणते देश येतात ते एका चिठ्ठीवर लिहा, आणि मग त्यांचे विमान खरोखर कोणत्या वाटेने येते ते निघण्याच्या दिवशी पाहा. दोन्हींत जेवढे अंतर पडेल तेवढ्यासाठी हा ग्रंथ लिहिला आहे. दोरा शिवणाच्या डब्यातला साधा सुती घ्या. नायलॉनचा नको, रबरबँड तर मुळीच नको. ते ताणले जातात, आणि मग न्यू यॉर्क उगाचच जवळ येते.